पाय लांब करून बसलेला बाप

बडोद्याच्या फतेगंजातल्या त्या घरी गेले तेव्हा न्हाणीघराचं दार सताड उघडं होतं. आत पाटावर पाय लांब करून घरातला मुलगा बसला होता आणि त्याच्या नडग्यांवर दीड महिन्याची लेक पालथी. डाव्या तळव्यात तिची हनुवटी धरून उजव्या हाताने तो पाठीवर कोमट पाणी सोडत होता, न्हाऊ घालणारी बाई घालते अगदी तसा. बाहेर त्याचे वडील बसले होते. तरुणपणी मल्लखांबावर घडलेलं शरीर, मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं पंच. मला 'सलाम' घालून ते हळूच म्हणाले, "अगं, आमच्या वेळी बापानं हे केलं असतं तर हसले असते लोक. मंडळीतलेसुद्धा."

काकांच्या डोक्यामागे येशूची तसबीर होती. खांद्यावर रुळणारे तपकिरी केस, वर लागलेली नजर, चेहऱ्यावर मऊ उजेड. हे चित्र शिकागोच्या वॉर्नर सॉलमनने 1940 साली रंगवलं आणि त्याच्या 50 कोटींहून जास्त प्रती निघाल्या असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या छोट्या प्रती अमेरिकन सैनिकांना वाटल्या गेल्या. आणि याच चित्रावर पुढे टीका झाली, की हा येशू फार नाजूक आहे, बायकी आहे. डेव्हिड मॉर्गन या कला-इतिहासकाराने या चित्राबद्दल लोकांची पत्रं मागवली, तेव्हा कुणाला त्यात खंबीर पुरुष दिसला, कुणाला बाईचा चेहरा. चित्र एकच. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे माझं कुतूहल इथूनच सुरू होतं: पुरुषपण ठरवतं कोण, बघणाऱ्याची नजर की शरीर?

'हा धर्म बायकी झालाय' ही चिंता जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेच्या चर्चमध्ये बायका जास्त दिसत. चार्ल्स किंग्जली आणि टॉमस ह्यूज या इंग्रज लेखकांनी पिळदार, धाडसी, मैदानी ख्रिस्ती तरुणाचा आदर्श मांडला. 1857 साली त्या विचाराला 'स्नायूंचा ख्रिस्ती धर्म' अशा अर्थाचं नावही पडलं. 1844 साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्सने सुरू केलेल्या वायएमसीए या तरुण ख्रिस्ती पुरुषांच्या संघटनेने पुढे तोच विचार मैदानावर उतरवला. बास्केटबॉल 1891 साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथने शोधला, व्हॉलीबॉल 1895 साली होल्योकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गनने. आपल्या गल्लीत जाळी बांधून पोरं जो खेळ खेळतात, त्याच्या मुळाशी चर्चमधल्या पुरुषांची ही काळजी आहे. 1920 साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं केंद्र काढलं.

बडोद्याच्या माणसाला यात आपलंच काहीतरी ओळखीचं दिसेल. त्याच काळात इथे उस्ताद जुम्मादादांची आखाड्याची परंपरा प्रोफेसर माणिकराव चालवत होते. 1907 ते 1910 त्यांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण पुढे स्वामी कुवलयानंद झाला आणि त्याने लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था उभी केली. गोऱ्या साहेबाने 'दुबळे' म्हणून हिणवलेल्या समाजाने आखाड्यात दिलेलं ते उत्तर होतं. कारणं वेगळी, देव वेगळे, पण दंडबैठका काढणाऱ्या मनात तीच एक धास्ती: आपण पुरे पडतोय ना?

या धास्तीचा प्रयोगशाळेत अभ्यास झालाय. जोसेफ व्हँडेलो आणि जेनिफर बॉसन या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली मांडलं, की बाईपण एकदा आलं की आलं असं लोक धरतात, पुरुषपण मात्र कमवावं लागतं आणि ते हातचं जाऊही शकतं. मग त्यांनी एक साधा प्रयोग केला. काही पुरुषांना पुतळ्याच्या डोक्यावर केसांची वेणी घालायला दिली, काहींना तसेच तीन पेड दोराचे. बोटांचं काम एकच. त्यानंतर विचारलं, आता कोडं सोडवायचं की गादीवर ठोसे मारायचे? वेणी घातलेल्यांनी ठोसे जास्त निवडले. सगळ्यांनाच मारायला लावलं तेव्हा त्यांचे ठोसे जास्त जोरात पडले. पुढे 62 देशांत पाहणी झाली आणि जिथे स्त्री-पुरुष समानता कमी, तिथे हा समज जास्त घट्ट दिसला. मला हा प्रयोग वाचताना फार वाईट वाटलं. नुसती वेणी घातली म्हणून माणसाला स्वतःला सिद्ध करावंसं वाटतं, म्हणजे केवढं ओझं हे!

आता न्हाणीघरातल्या बापाकडे येऊ. ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी फिलिपिन्समधल्या सेबू शहराच्या 624 तरुणांची लाळ 2005 साली तपासली आणि साडेचार वर्षांनी पुन्हा तपासली. पुरुषी संप्रेरक समजलं जाणारं टेस्टोस्टेरॉन मोजायचं होतं. सुरुवातीला ज्यांचं जास्त होतं, ते पुढे जोडीदार आणि बाप होण्याची शक्यताही जास्त निघाली. पण बाप झाल्यावर त्याच पुरुषांचं सकाळचं प्रमाण सुमारे 26 टक्क्यांनी आणि संध्याकाळचं 34 टक्क्यांनी घसरलं. एकटे राहिलेल्यांमध्ये घट बरीच कमी होती. आणि जे बाप दिवसाला तीन तास किंवा जास्त मुलाचं करत होते, त्यांचं प्रमाण मुलाचं काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा कमी होतं. ही घट म्हणजे आजार नव्हे, दुबळेपणही नव्हे. पक्ष्यांमध्ये जॉन विंगफील्ड यांनी 1990 साली हेच दाखवलं होतं: जोडीदारासाठी झुंजताना संप्रेरक चढतं, पिलं वाढवताना उतरतं. नराच्या शरीरात दोन्ही कामांची सोय आहे.

सेबूचा अभ्यास धर्माचा नव्हता, पण तिथले बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत. तिथल्या बापाच्या घरातही अशीच तसबीर असणार. धर्माचं काय होतं ते एलिझाबेथ ब्रुस्को या मानवशास्त्रज्ञ बाईंनी कोलंबियात जवळून पाहिलं. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि स्वतःच्या श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचा झालेला नवरा दारू, जुगार आणि बाहेरख्यालीपणा सोडतो, पगार घरी येतो, पोरांच्या पानात वाढतो. घराचा 'मस्तक' तोच राहतो, पण त्याचं मन घराकडे वळतं. अमेरिकेत ब्रॅडफर्ड विलकॉक्स यांना 2004 साली असंच दिसलं: नेमाने उपासनेला जाणारे कर्मठ प्रोटेस्टंट बाप मुलांना जास्त जवळ घेतात, तर नुसतं नाव लावणाऱ्या, चर्चला क्वचित जाणाऱ्या पुरुषांच्या घरी मारहाण जास्त. अर्थात उपासनेमुळे माणूस मवाळ होतो की मवाळ माणूसच उपासनेला टिकतो, हे अशा पाहणीतून सुटत नाही.

पुरुषपणाबद्दलचा चर्चमधला वाद आजही चालू आहे. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांच्या 1987 सालच्या डॅनव्हर्स निवेदनाने घरात आणि मंडळीत पुरुषाचं प्रमुखपण ठामपणे मांडलं. 1990 साली अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांनी पुरुषांची एक चळवळ उभी केली. 4 ऑक्टोबर 1997 ला तिच्या हाकेवर वॉशिंग्टनच्या मैदानात लाखो पुरुष जमले, गुडघे टेकून रडले.

माझ्या मते मराठी ख्रिस्ती माणसाला हे फार परकं वाटू नये. त्याच्या बायबलमध्ये येशू मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथतो आणि लाजरच्या कबरीपाशी रडतोही. कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं यरुशलेमला जवळ घ्यायची इच्छा बोलून दाखवतो. अकराव्या शतकातल्या संत अ‍ॅन्सेल्मने प्रार्थनेत त्याला आई म्हटलं. आणि विटेवर कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवाला 'माउली' म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आई आणि गुरू अशी एकत्रच साद घातली.

हे सगळं मी काकांना सांगत होते तेवढ्यात पंच्यात गुंडाळलेली नात बाहेर आली. मुलगा वेखंड शोधायला आत गेला आणि जाता जाता तिला काकांच्या हातात देऊन गेला. मल्लखांबाचे ते घट्ट पंजे आधी नुसतेच वर धरलेले होते. मग काकांनी पाय लांब केले.