टंका म्हणवणारं तांबं

हिजरी ७३० मध्ये, म्हणजे इ.स. १३२९-३० ला, मुहम्मद तुघलकानं तांब्या-पितळेची नाणी पाडली आणि ती चांदीच्या टंक्याच्या मोलानं चालतील असा हुकूम काढला. दिल्लीबरोबर आपल्या दौलताबादेतही ती पडत होती. नाण्यावर एका बाजूला फारसी मजकूर आहे: उमेदवार बंदा (म्हणजे देवाच्या कृपेची आशा धरणारा सेवक) मुहम्मद तुघलक याच्या काळात चालू टंका म्हणून ही मोहर उठवली. दुसऱ्या बाजूला अरबी ओळ: ‘मन अताअस्सुलतान फकद अताअर्रहमान’. ज्यानं सुलतानाचं ऐकलं, त्यानं परमेश्वराचं ऐकलं. धातूत जे मोल नव्हतं, ते या ओळीनं भरून काढायचं होतं.

नाण्यावर नुसती अक्षरं कोरायची रीत त्याआधी सहाशे वर्षांची. अरबांनी सीरिया जिंकल्यावर तिथं बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या धाटणीचीच तांब्याची नाणी पडत राहिली, त्यांवर राजाची आकृती असे. उमय्यद खलिफा अब्दुल मलिकनं हिजरी ७७ पासून (इ.स. ६९६-९७) सोन्याच्या दिनारावरून चित्र काढून टाकलं आणि कलमा, म्हणजे इस्लामी श्रद्धेचं वचन, आणला. चांदी आणि तांबं त्याच वाटेनं गेलं. तांब्याचं नाणं म्हणजे फल्स. हे नावही बायझंटाईन ‘फॉलिस’वरून आलेलं. दिनार-दिरहमचं वजन काटेकोर असे. फल्स मात्र गावोगावचे अधिकारी पाडत, त्यामुळे वजन कमीजास्त आणि चलन बहुधा त्या भागापुरतंच.

पाडण्याची पद्धत शतकानुशतकं तीच. खालचा ठसा पक्का बसवायचा, त्यावर धातूची चकती ठेवायची, वरचा ठसा धरून हातोडा हाणायचा. चकती ठशाहून लहान पडली किंवा सरकली की कडेचा मजकूर गेलाच, आणि टांकसाळीचं नाव नि साल बरेचदा कडेलाच असतं. कुफी या जुन्या अरबी लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, सहसा नसतात. ‘ब’, ‘त’, ‘न’ यांचा एकच दांडा दिसतो. असं नाणं वाचायला खूप चिकाटी लागते, पण एक शब्द सुटला की पुढची ओळ उलगडत जाते.

तुघलकाचं गणित फसलं ते या सोप्या पद्धतीमुळेच, असं मला वाटतं. ठसा आणि हातोडा कोणालाही जमत होता. घरोघरी टांकसाळी निघाल्या, असं त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो. सुमारे १३३२ पर्यंत सुलतानानं हुकूम मागे घेतला आणि खजिन्यातून सोनं-चांदी देऊन ही नाणी परत घेतली. तुघलकाबादेत त्यांचे डोंगर साचले होते, असंही बरनीच सांगतो.