प्रकाशाला थांबवायचं कुठे?

इंटरनेटवरची माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत, फायबर म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपात जाते, आणि चौकाचौकातला राउटर तिला वाट दाखवतो. दोन पॅकेट एकाच क्षणी राउटरवर आली आणि दोघांनाही एकाच फायबरने पुढे जायचं असेल, तर एकाला थांबावं लागतं. नेहमीच्या राउटरला हे जड जात नाही. तो प्रकाशाचे विद्युत संकेत करतो, पॅकेट मेमरीत ठेवतो, हेडरमधला (पॅकेटच्या सुरुवातीच्या भागातला) पत्ता वाचतो आणि वाट मोकळी झाली की लेझरने पुढे धाडतो. विजेचा हा फेरा टाळून पॅकेट प्रकाशातच वळवायचं म्हटलं, की घोडं अडतं ते थांबवण्यापाशी. प्रकाशासाठी रॅम नाही.

मग पॅकेटला वळसा घालायला लावतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख ४ हजार किलोमीटर जातो. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. १० गिगाबिट वेगाला ते पाठवायला १.२ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे फायबरमध्ये ते २४५ मीटर लांब पसरलेलं असतं. तेवढ्या फायबरचं वेटोळं लावलं की एका पॅकेटपुरती उसंत मिळते. इथवर ठीक. पण १०० मिलिसेकंद थोपवायचं तर २०,४०० किलोमीटर फायबर हवं, पृथ्वीच्या निम्म्या परिघाएवढं! शिवाय वेटोळ्यातून मधेच बाहेर पडता येत नाही. वाट अजून अडलेली असेल तर आणखी एक फेरी, प्रत्येक फेरीत प्रकाशाची घट, ती भरून काढायला अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्याचा गोंगाट साचत जातो. शेवटी शून्य कुठला नि एक कुठला, हेच कळेनासं होतं.

पॅकेट भलत्याच वाटेने पुढे ढकलण्याचाही उपाय आहे. तो मला फारसा पटत नाही. पॅकेटांचा क्रम बिघडतो, पॅकेट नीट पोचली का हे बघणाऱ्या टीसीपी या नियमावलीला वाटतं काहीतरी हरवलं, मग ते पुन्हा पाठवतं आणि वेगही कमी करतं. गर्दी टाळायला जावं, तर गर्दीतच भर.

म्हणून प्रत्यक्षात पॅकेट नव्हे, अख्खी तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाचा एक अख्खा रंग, त्यातल्या सगळ्या पॅकेटांसकट वळवतात. एका फायबरमध्ये ८० ते ९६ तरंगलांबी सहज मावतात. प्रत्येकीची वाट रोडॅम नावाचं उपकरण ठरवतं. त्यातला स्विच वळायला किमान काही मिलिसेकंद घेतो, आणि १०० गिगाबिटला पॅकेट १२० नॅनोसेकंदात निघून जातं. त्यामुळे वाट आधीच आखून ठेवावी लागते. मधल्या शहरांत पत्ता कोणी वाचतच नाही. खोच इतकीच, की मधे तरंगलांबी न बदलता जायचं तर तीच तरंगलांबी वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर मोकळी हवी. रेल्वेत एकच बर्थ शेवटच्या स्टेशनपर्यंत रिकामा मिळावा, तसं. एका टप्प्यावर ती अडली, तर बाकी सगळे टप्पे मोकळे असूनही उपयोग नाही.