कोब्यावर ठेवली म्हणून बॅटरी उतरत नाही

कोल्हापुरात जुने छोटे ट्रॅक्टर जपणाऱ्यांत एक समज पक्का आहे: पावसाळ्यात काढून ठेवलेली बॅटरी सिमेंटच्या कोब्यावर ठेवली की जमीन करंट ओढते, खाली फळी हवीच. इथल्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, मीही हेच ऐकत आलो. पूर्वी त्यात तथ्य होतं. लाकडी पेटीच्या, पुढे कडक रबराच्या बॅटऱ्यांत ओल आणि आम्ल झिरपून करंट गळायचा. आजच्या प्लास्टिकच्या कवचातून तो जात नाही. बॅटरी उतरते ती आतल्या रासायनिक क्रियेनं, उन्हाळ्यात तर लवकरच. शिवाय वर साचलेल्या ओलसर, आम्लट धुळीनं. उतरलेली तशीच पडून राहिली तर आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट (शिशाचा क्षार) घट्ट बसतं, आणि खरं नुकसान तिथं होतं. म्हणून फळी शोधण्याआधी वरचा भाग पुसा, मीटर लावा. १२ व्होल्टची बॅटरी १२.४ च्या खाली दिसली की चार्जिंगला लावाच.