दोन कॉम्यांनी केलेला चपलांचा घोळ

माझ्या एका मित्राचं कोल्हापुरात महाद्वार रोडजवळ चपलांचं दुकान आहे, त्यानं ऑनलाइन विक्री सुरू केली तेव्हा इंग्लिश मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ह्याला इंग्लिश येतंय अशी आमच्या ग्रुपात माझ्याबद्दल उगाचच अफवा आहे. दुकानात माल दोन प्रकारचा, एक हातानं शिवलेला आणि एक मशीनचा. हातानं केलेल्या परत घ्यायच्या नाहीत, मशीनच्या सात दिवसांत बदलून द्यायच्या, एवढंच सांगायचं होतं. मी झोकात लिहिलं, "चप्पल्स, विच आर हँडमेड, कॅनॉट बी रिटर्न्ड."

पंधरा दिवसांनी पुण्याहून एका बाईंचा मेसेज. तुमच्याच साइटवर लिहिलंय की चपला हातानं केलेल्या असतात, मग मला आलेल्या जोडीला मशीनची शिलाई कशी? वर परत पण घेत नाही म्हणता, ही काय पद्धत झाली? मित्र मला म्हणाला, "भावा, बरोबरच लिहिलंयस की, बाईच भांडखोर हाय." पण बाईंचं बरोबर होतं. चूक माझ्या दोन कॉम्यांची.

आता तेच वाक्य कॉमा काढून वाचा. "चप्पल्स विच आर हँडमेड कॅनॉट बी रिटर्न्ड." इथं ते मधलं वाक्य निवड करतंय, म्हणजे दुकानातल्या सगळ्या ढिगातून हातानं केलेल्या तेवढ्या बाजूला काढायच्या आणि नियम फक्त त्यांना लागू. कॉमा दिला की निवड संपली, मग अर्थ होतो की आमच्याकडच्या चपला परत होत नाहीत, आणि जाता जाता सांगतो, त्या सगळ्याच हातानं केलेल्या आहेत. शब्द तेच, क्रम तोच, पण एकात मोजक्या चपला आणि दुसऱ्यात अख्खं दुकान.

आपण इथं का घसरतो, तर मराठीत आपण "हातानं केलेल्या चपला परत घेत नाही" म्हणून मोकळे होतो, विशेषण नामाच्या आधी बसतं आणि मध्ये कॉमा द्यायला जागाच नसते, मग सगळ्या की काही हे ऐकणारा आपलं आपण समजून घेतो. इंग्लिशमध्ये पण एकटं विशेषण नामाच्या आधी लावलं, "हँडमेड चप्पल्स", तर हीच मोघम अवस्था होते. भानगड सुरू होते ती विशेषणाचं अख्खं वाक्य करून नामाच्या नंतर लावल्यावर, कारण तिथं कॉमा द्यायचा की नाही हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

मी आता काय करतो, ते वाक्य मनात मराठीत मोडून बघतो. "ज्या चपला हातानं केल्यात त्या परत घेत नाही" असं ज्या-त्या नी नीट बसलं तर कॉमा नाही. "चपला परत घेत नाही, आणि हो, त्या हातानं केलेल्या असतात" असं "आणि हो" नी बसलं तर कॉमा, आणि तोही दोन्ही बाजूंनी, एकच दिला तर दार अर्धं उघडं राहिल्यासारखं होतं. फक्त हे ज्या-त्या मनातच ठेवा, त्यातला "तो" इंग्लिशमध्ये नेऊ नका. "द बॉय हू केम येस्टर्डे ही इज माय कझिन" यातला "ही" आपल्या मराठीतून उडी मारून आलेला आहे, तो उडवा. "द चप्पल दॅट आय बॉट इट" मधला "इट" पण तसलाच.

नावाला मात्र बहुतेक वेळा कॉमा लागतो, कारण नाव घेतलं की माणूस ठरलाच, अजून निवडायचं काय? "राजर्षी शाहू, हू रूल्ड कोल्हापूर, वॉज बॉर्न इन १८७४." पण इतिहासात गाजलेले शाहू दोन आहेत, त्यामुळं "द शाहू हू रूल्ड फ्रॉम सातारा डाइड इन १७४९" इथं कॉमा द्यायचा नाही, कारण कुठले शाहू हेच तर सांगायचंय, आणि म्हणूनच नावाच्या आधी "द" पण आला. सातारचे शाहू म्हणजे शिवाजी महाराजांचे नातू, आणि १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव ठेवणारे ते आपले कोल्हापूरचे.

"दॅट" कॉम्यानंतर चालत नाही, तिथं "विच" किंवा "हू" च. निवडीच्या वाक्यात दोन्ही चालतात, आणि "द पेअर आय बॉट" सारखं कधी कधी काहीच नसलं तरी चालतं.

शेवटी साइटवर लिहिलं, "चप्पल्स दॅट आर हँडमेड कॅनॉट बी रिटर्न्ड. मशीन-मेड पेअर्स कॅन बी एक्सचेंज्ड विदिन सेव्हन डेज." बाईंना जोडी बदलून दिली, कुरिअरचा खर्च मित्रानं माझ्याकडून घेतला.