‘इतिहासात नोंद आहे’ आणि ‘इतिहासाने सिद्ध केलंय’

नाताळात फत्तेगंजच्या चर्चची रोषणाई बघायला दांडिया बाजारातली मराठी मंडळीही जातात, आणि परतीच्या वाटेवर कुणीतरी विषय काढतोच. एक म्हणतो, येशू मेलेला उठला हे इतिहासाने सिद्ध झालंय. दुसरा म्हणतो, इतिहासाने ते केव्हाच खोडून काढलंय. बडोद्यात वादाला माणसं कमी पडत नाहीत. पण इतिहास बिचारा यातलं काहीच म्हणालेला नसतो.

अमुक घडलं असं लोकांनी सांगितलं, हा एक प्रश्न. ते देवाच्या हातून घडलं का, हा दुसरा. पहिल्यासाठी कागद, काळ, साक्षीदार तपासता येतात आणि ख्रिस्ती परंपरेत तपासायला भरपूर आहे. पंतय पिलात इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा रोमन अधिकारी होता. त्याच्या हुकमाने ख्रिस्ताला देहदंड झाला, असं टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो. त्याला ख्रिस्ती लोकांचं प्रेम मुळीच नव्हतं. इ.स. 55 च्या सुमारास पौल हा सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, पहिलं पत्र लिहितो. त्याच्या 15व्या अध्यायात उठलेला ख्रिस्त कुणाकुणाला दिसला त्याची यादी आहे: केफा म्हणजे पेत्र, मग बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, शेवटी तो स्वतः. आपल्याला हे इतरांकडून मिळालं, असंही तो सांगतो. म्हणजे पुनरुत्थानाचा विश्वास शेदोनशे वर्षांनी कुणी रचलेला नाही, तो पहिल्या पिढीतलाच आहे. हे नास्तिक इतिहासकारही मान्य करतात.

पण इथे ‘विश्वास जुना आहे’ एवढंच ठरलं. ‘घटना घडली’ हे नाही. जुनेपणाला खरेपणा समजायची चूक कशी होते, ते याच टॅसिटसकडे बघावं. तो आणखी एक चमत्कार नोंदवतो. अलेक्झांड्रियात रोमन सम्राट व्हेस्पॅसियनकडे एक आंधळा येतो आणि ‘तुमची थुंकी माझ्या डोळ्यांना लावा’ म्हणतो. दुसऱ्याचा हात लुळा आहे, त्याला त्यावर सम्राटाचा पाय पडायला हवा असतो. व्हेस्पॅसियन आधी हसण्यावारी नेतो, मग वैद्यांचा सल्ला घेतो, शेवटी तसं करतो आणि दोघेही बरे होतात. वर टॅसिटस लिहितो की खोटं बोलून आता काही पदरात पडायचं नाही, तरी हजर असलेले लोक आजही हे सांगतात. बायबलातल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, आठव्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्याला येशू थुंकी लावूनच दृष्टी देतो. यातला पहिला प्रसंग दरबारी प्रचार म्हणून सोडायचा आणि दुसरा इतिहास म्हणून घ्यायचा असेल, तर त्याचं कारण इतिहासाबाहेरून आणावं लागतं. आणावं खुशाल, पण बाहेरून आणलंय हे कबूल करून.

आता खोडून काढणाऱ्यांकडे येऊ. 1748 साली डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने म्हटलं की चमत्काराची साक्ष अशी हवी, की ती खोटी असणं हाच त्याहून मोठा चमत्कार ठरावा. पुढे एर्न्स्ट ट्रोल्च या जर्मन धर्मपंडिताने मांडलं, की इतिहासकार आजच्या अनुभवाशी ताडूनच भूतकाळ वाचतो. ही शिस्त कामाची आहे. ती नसती तर प्रत्येक बखरीतला प्रत्येक दृष्टांत घटना म्हणून घ्यावा लागला असता. पण ‘माझ्या साधनांत देव हे कारण बसत नाही’ म्हणणं वेगळं आणि ‘देव काही करतच नाही’ म्हणणं वेगळं. पानेनबर्ग या दुसऱ्या जर्मन धर्मपंडिताची तक्रार नेमकी हीच होती: मेलेले उठत नाहीत असं आधीच ठरवून बसलात तर तपास कसला? मला त्याची तक्रार रास्त वाटते. पुनरुत्थान इतिहासाने दाखवून देता येईल हा त्याचा पुढचा दावा मात्र पटत नाही.

आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने 1960 ते 1975 मध्ये वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली. हस्तलिखितं ताडून कोणता श्लोक मूळ, कोणता मागाहून घुसलेला, हे तिथे ठरलं. हनुमानाने समुद्र ओलांडला का, हे संपादकांनी ठरवलं नाही आणि ते राहून गेलं असंही कुणाला वाटलं नाही.

ख्रिस्ती माणसाला मात्र इतकं सहज सुटता येत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं पौलच लिहून बसलाय. चर्चमध्ये म्हणतात त्या विश्वासाच्या अंगीकारातही पिलाताचं नाव येतं, म्हणजे काळ आणि अधिकारी दोन्ही नेमके. इतिहासाशी इतकी गाठ मारल्यावर तपासाला ‘आमच्यात पडू नका’ म्हणता येत नाही.

आणि तो तपास कधीकधी जिवावरच्या गोष्टीपर्यंत पोचतो. मार्कच्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत शुभवर्तमान 16व्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर संपतं: कबर रिकामी आणि स्त्रिया भिऊन पळालेल्या. विश्वास ठेवणारे साप हाती धरतील, विष प्याले तरी त्यांना बाधणार नाही, हे वचन त्यापुढच्या ओव्यांत आहे आणि बहुतेक अभ्यासक त्या मागाहून जोडलेल्या मानतात. अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरपट्ट्यात काही छोट्या मंडळ्या त्याच ओव्यांच्या भरवशावर उपासनेत विषारी साप हातात घेतात. त्यात माणसं मेलीही आहेत.