हरणांसाठी झाड लावताय? फळाआधी खुंट बघा

अमेरिकेत लोक हरणांसाठी सफरचंदाची झाडं लावतात, त्याचे व्हिडिओ आता आपल्याकडेही फिरतात. धुक्यातली सकाळ, झाडाखाली लालपिवळा सडा आणि त्यात तोंड घालून उभी असलेली हरणं. ते बघून यावल, रावेर, चोपडा, शिरपूरकडच्या निसर्गप्रेमींना वाटतं, सातपुड्याच्या कडेला आपणही चार सफरचंदं लावावीत. गरम हवेत येणारी जात आता मिळतेच की! हेतू चांगला आहे. पण व्हिडिओत दिसतं ते फळ. झाड जगणार की मरणार आणि हरणाला किती वर्षं पुरणार, हे ठरतं कलमाच्या जोडाखाली, म्हणजे खुंटात, आणि तो भाग कोणी दाखवत नाही.

आधी सफरचंदाच्या मुलखातलं गणित पाहू. तिथे माणसासाठी बाग लावणारा एकाच वेळी तोडणीला येणारी, टिकाऊ फळं शोधतो. हरणासाठी लावणाऱ्याला उलट हवं असतं: फळ आपोआप गळावं आणि गळती महिनोन्‌महिने चालावी. म्हणून जाती टप्प्याटप्प्याच्या घेतात. यलो ट्रान्सपरंट जुलैतच पिकून पडते. डोल्गो नावाचं क्रॅबॲपल, म्हणजे मोठ्या बोराएवढं आंबट सफरचंद, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात येतं. लिबर्टी त्यानंतर, एंटरप्राइझ ऑक्टोबरात, गोल्डरश त्याहून उशिरा. काही क्रॅबॲपल तर पानं झडून बर्फ पडला तरी फळं धरून ठेवतात आणि थोडी थोडी सोडतात. कडक हिवाळ्यात हीच झाडं कामाची.

दुसरी अट रोगाची. रानातल्या झाडावर कोणी फवारणी करत नाही, त्यामुळे पानाफळांवर काळे खवले आणणाऱ्या स्कॅब बुरशीला जी जात बळी पडते ती बाद. लिबर्टी आणि एंटरप्राइझ या रोगाला दाद देत नाहीत. त्यांच्यातला प्रतिकाराचा जनुक मॅलस फ्लोरिबुंडा या शोभेच्या क्रॅबॲपलकडून आला आहे. शिवाय सफरचंदाला परागासाठी दुसऱ्या जातीचं झाड जवळ लागतं. क्रॅबॲपल भरभरून आणि बरेच दिवस फुलतं, म्हणून चार-सहा झाडांत एक तरी क्रॅबॲपल ठेवतात.

आता खुंट. सफरचंद बियांपासून लावलं तर आईसारखं येत नाही, म्हणून जातीची काडी किंवा डोळा दुसऱ्या झाडाच्या मुळावर बांधतात. ते खालचं झाड म्हणजे खुंट. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग इथल्या संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुने खुंट गोळा करून त्यांना क्रमांक दिले गेले. त्यातला एम 9 जगभर गाजला. याच्यावरचं झाड बियांवरच्या झाडाच्या जेमतेम एक-तृतीयांश वाढतं आणि दोन-तीन वर्षांत फळ देतं. एमएम 111 या दुसऱ्या खुंटावरचं झाड पूर्ण उंचीच्या साधारण 80 टक्के होतं, पाण्याचा ताण सोसतं आणि लोकरी मावा त्याच्या मुळांना फारसा त्रास देत नाही. अँटोनोव्हका या रशियन जातीच्या बियांची रोपं पूर्ण उंचीची आणि थंडीत कणखर.

बागवाल्याच्या नजरेतून एम 9 हिरा आहे. हरणासाठी तो सपशेल चुकीचा. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं तोंड जमिनीपासून साधारण 1.8 मीटरपर्यंत पोचतं. एम 9 वरच्या झाडाचा बराचसा विस्तार या रेषेच्या आत येतो. हरीण फळ तर खातंच, पण फळ देणारी काडी, कळी आणि शेंडाही खातं. वर या खुंटाची मुळं ठिसूळ. झाडाला जन्मभर खांबाचा आधार लागतो, आणि शिंगं घासायला आलेला नर त्याला सहज आडवं करतो. हरणासाठी उंच वाढणारा खुंट घ्यायचा आणि पहिली फांदी 1.8 मीटरच्या वर ठेवायची. फळं यायला काही वर्षं जास्त लागतात, ती लागू द्यावीत.

पण वरची जात तीच असताना नुसत्या खुंटाने झाड बुटकं होतंच कसं? हा वनस्पतिशास्त्रातला अतिशय सुंदर प्रश्न आहे, म्हणून इथे जरा थांबू. मुळं लहान म्हणून झाड लहान, हे उत्तर पुरत नाही. कारण खाली जोमदार मुळं, वर जोमदार जात आणि मध्ये फक्त वीतभर एम 9 चा तुकडा जोडला, तरी झाड बुटकं होतं. म्हणजे हा तुकडा वाटेत काहीतरी अडवतो.

अडतं ते ऑक्झिन. हे संप्रेरक, म्हणजे वाढीचा निरोप नेणारं रसायन, शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि सालीच्या आतल्या थरांतून खाली मुळांकडे जातं. पाण्यासारखं वाहत नाही. प्रत्येक पेशी ते वरून घेते आणि खालच्या पेशीच्या हाती देते. पेशीच्या तळाकडच्या आवरणात ऑक्झिन बाहेर ढकलणारी प्रथिनं बसलेली असतात, म्हणून ही वाहतूक एकाच दिशेने चालते. ऑक्झिन मुळांपर्यंत पोचलं की मुळं वाढतात आणि सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक करून लाकडातून वर पाठवतात. ते शेंड्याला पोचलं की शेंडा वाढतो, नवी पानं येतात, आणखी ऑक्झिन तयार होतं. असं हे चक्र.

एम 9 च्या सालीत ही हातोहात वाहतूक मंद आहे. त्याची साल लाकडाच्या मानाने जाडही असते. ऑक्झिन कमी उतरतं, मुळं कमी वाढतात, सायटोकायनिन कमी चढतं आणि फांद्यांची वाढ हंगामाच्या मध्यातच थांबते. वाढीला न लागलेलं अन्न फुलकळ्यांकडे वळतं, म्हणून फळ लवकर येतं. खुंटाच्या या गुणाशी जोडलेल्या जनुकांच्या दोन जागा, पाचव्या आणि अकराव्या गुणसूत्रावरच्या, सापडल्या आहेत. त्यांना डीडब्ल्यू 1 आणि डीडब्ल्यू 2 म्हणतात. सगळं कोडं मात्र संप्रेरकांनीच सुटतं असं नाही. जोडातून पाणी चढण्याचा वेगही यात भाग घेतो.

या तर्काचा जुना आणि डोळ्यांना दिसणारा दाखला वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल सॅक्स यांनी 1950 च्या दशकात अमेरिकेच्या आर्नल्ड अर्बोरेटम या वृक्षोद्यानात दिला. सफरचंदाच्या खोडावरून सालीचं कडं काढायचं आणि तेच उलटं, खालची कड वर करून, जागेवर बांधायचं. साल चिकटते, झाड मरत नाही, पण वाढ मंदावते. पेशींची तोंडं उलटी झाली, ऑक्झिनला वाट राहिली नाही. शिवणीवर सरळ दिशेच्या नव्या पेशी धरल्या की झाड पुन्हा जोर धरतं. एका सालीच्या पट्टीने अख्ख्या झाडाची उंची अडवावी, यापेक्षा नेमका प्रयोग कुठला!

आता तापीकाठी येऊ. सफरचंदाची कळी उमलायला हिवाळ्यात 7 अंशांखालची थंडी लागते. डेलिशियस गटाला असे साधारण हजार तास हवेत. अ‍ॅना, डोर्सेट गोल्डन किंवा हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांची एचआरएमएन 99 या जाती फार कमी थंडीवर फुलतात, हे खरं आहे. पण फुलणं वेगळं आणि पाण्यावाचून 45 अंशांचा मे महिना काढणं वेगळं. घरामागे ठिबकवर ठेवलेलं झाड फळ देईल. रानाच्या कडेला ते तगणार नाही. ‘खान्देशचं काश्मीर होणार’ म्हणून रोपं विकणाऱ्यांना मे महिन्याचं काय, एवढं विचारावं.

हरणांसाठी खान्देशचं सफरचंद म्हणजे बोर. चितळ, सांबर, भेकर ही हरणं आणि नीलगाय, चिंकारा हे कुरंगवर्गातले प्राणी बोरं आवडीने खातात. बोरीची पानं उन्हाळ्यात झडतात आणि झाड निद्रेत जातं, म्हणजे आपला मे महिना तिला बाधतच नाही. बोराच्या जातींचे टप्पेही जुळवता येतात: गोला लवकर, कैथली मध्ये, उमराण शेवटी. त्यात जळगावचं मेहरूण घ्यावंच. आणि चार कलमांमागे दोन-तीन गावठी बोरी बिनकलमाच्याच राहू द्याव्यात. फळ बारीक, पण ते थोडं थोडं बरेच दिवस पडत राहतं. क्रॅबॲपलचं काम त्या करतात.

खुंटाचा नियम इथेही तोच. जमिनीलगत पसरणाऱ्या झुडपी बोरीवर डोळा भरला तर झाड बुटकं राहतं, म्हणून उंच वाढणाऱ्या गावठी बोरीचा खुंट घ्यावा. पिशवीतलं मोठं रोप टाळावं. बोरीचं सोटमूळ झपाट्याने खाली जातं; पिशवीच्या तळाशी ते गुंडाळलं गेलं की पुढे खोल ओलीपर्यंत पोचत नाही. त्यापेक्षा खुंट जागेवरच वाढवावा. उन्हाळ्यात 60 सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डे घ्यावेत, अंतर 7 ते 8 मीटर. लिटरभर पाण्यात 170 ते 180 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बोराच्या आठोळ्या, म्हणजे गरातल्या कडक कोया, टाकाव्यात. तरंगतील त्या पोकळ, फेकाव्यात. बुडतील त्या लगेच साध्या पाण्याने धुवाव्यात. पहिल्या पावसानंतर खड्ड्यात तीन-तीन टोकाव्यात आणि पुढे एकच जोमदार रोप ठेवावं. अख्ख्या आठोळीला उगवायला तीन-चार आठवडे लागतात. कवच हलकेच फोडून आतली बी लावली तर आठवड्यात कोंब दिसतो.

पुढच्या जून-जुलैत खोड पेन्सिलीएवढं झालं की डोळा भरावा. डोळकाडी चालू वर्षाच्या वाढीची हवी. पान कापून देठाचा तुकडा ठेवावा, काडी ओल्या फडक्यात गुंडाळावी आणि त्याच दिवशी वापरावी. खुंटावर जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीचं अडीच सेंटिमीटरचं ठिगळ काढून त्याच मापाचं डोळ्यासह ठिगळ बसवावं. प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी, डोळा तेवढा उघडा ठेवावा. अमावस्येला भरलेला डोळा जगत नाही म्हणतात. झाडाला तिथी कळत नाही. चाकूच्या टोकाने साल उचलून पाहावी: ती ओलसर, न फाटता सुटली तर दिवस चांगला, लाकडाला चिकटून तुटली तर थांबावं. दोन-तीन आठवड्यांनी देठाचा तुकडा बोट लावताच गळून पडला तर डोळा धरला. वाळून चिकटून राहिला तर मेला.

मग चुका सुरू होतात. सर्वात मोठी चूक म्हणजे जोडाखालचे फुटवे न काढणं. गावठी फुटवा जोमदार असतो, दोन पावसाळ्यांत कलमाला दाबून टाकतो आणि आपण मेहरूण समजून रानबोर सांभाळत बसतो. दुसरी चूक काळ्या जमिनीत पाणी साचू देणं. तिसरी, काटे आहेत म्हणून कुंपण न करणं. कोवळ्या बोरीचे काटे मऊ असतात आणि पाला गोड. प्रत्येक रोपाभोवती पाऊण मीटर व्यासाचं, दोन मीटर उंचीचं तारेचं कडं हवंच. चितळ मागच्या पायांवर उभं राहतं, म्हणून पहिली फांदी दोन मीटरच्या वर जाईपर्यंत कडं काढू नये. खोडाची साल सगळ्या बाजूंनी सोलली गेली तर पानांतलं अन्न मुळांना पोचत नाही आणि झाड वरून हिरवं दिसत असतानाच खालून उपाशी मरतं.

जागा शेताच्या बांधावर धरू नये. बोरासाठी आलेली नीलगाय आणि रानडुक्कर शेजारच्या हरभऱ्यात शिरणारच, आणि राग निघेल तो जनावरावर. रस्त्याकडेलाही नको. वनजमिनीवर किंवा यावल, अनेर धरणासारख्या अभयारण्यात काही लावायचं तर वनखात्याच्या परवानगीशिवाय एक आठोळीही टोकू नये. बाजारातली फळं पोत्याने नेऊन ओतणं तर टाळावंच. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात एकदम भरपूर गोड फळ गेलं की आम्ल वाढतं आणि तो दगावू शकतो. झाड रोज थोडं टाकतं, ते त्याला झेपतं.

फळं सुरू झाली की जवळच्या सावलीत, जिथे चितळं बसून रवंथ करतात, तिथली जमीन पाहावी. चितळ बोर गिळतं आणि रवंथ करताना कडक आठोळी तोंडातून बाहेर टाकतं. गर निघालेल्या अशा आठोळ्या एका जागी पडलेल्या सापडतात. जमीन आपली असेल तर त्या उचलून मिठाच्या पाण्यात टाकून बघाव्यात आणि बुडतील त्या पुढच्या जूनच्या खुंटांसाठी ठेवाव्यात.