स्क्रीन बदलली, पण चौकट बसेना

लॅपटॉपची तडकलेली स्क्रीन मी घरीच बदलली. चार स्क्रू काढले, तीस पिनांची केबल बेताने लावली आणि पहिल्याच झटक्यात चित्र उमटलं. आता उरलं होतं सगळ्यात किरकोळ वाटणारं काम, स्क्रीनभोवतीची काळी प्लास्टिकची चौकट परत दाबून बसवण्याचं. तिथेच गाडी अडली. डावी बाजू दाबली की उजवी उचलायची, आणि बिजागरीपाशी तर नख सरळ आत जाईल एवढी फट.

दुरुस्तीवाले हिला बेझल म्हणतात, किंवा नुसतं ‘बी पार्ट’. झाकणाची पाठ ए, चौकट बी, कीबोर्डची बाजू सी आणि तळ डी, अशी त्यांची बाराखडी. चौकट सहसा पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या दोन प्लास्टिकांच्या मिश्रणाची असते. ती उलटी करून पाहा. आतल्या कडेला बारीक बारीक आकडे दिसतील. एका टोकाला पक्क्या असलेल्या पट्टीसारखे ते वाकतात, खाचेवरून घसरतात आणि पलीकडे गेले की सरळ होतात. ‘कट्ट’ आवाज येतो तो तेव्हा. आकड्याचा पुढचा उतार सौम्य आणि मागचा उभा ठेवलेला असतो. म्हणून आत जाताना तो सहज जातो, बाहेर येताना मात्र भांडतो.

आकडा मोडेल की वाचेल हे त्याच्या लांबीवर फार अवलंबून असतं. समजा तो 1 मिलिमीटर जाड, 6 मिलिमीटर लांब आहे आणि त्याला अर्धा मिलिमीटर वाकायचं आहे. त्याच्या मुळाशी प्लास्टिक साधारण 2 टक्के ताणलं जातं, आणि एवढं हे मिश्रण सोसतं. लांबी 4 मिलिमीटर केली की तोच आकडा 4.7 टक्के ताणतो आणि मुळातून जाऊ शकतो. ताण लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्याचा हा हिशेब. म्हणून चौकट काढताना एकाच जागी पाचर घालून उचकटू नये. जुनं प्लास्टिकचं कार्ड कडेने सरकवत न्यावं, म्हणजे एकेक आकडा आपल्या पाळीने सुटतो.

बसत नसेल तर बहुतेक जण जोर वाढवतात. मीही वाढवला. पण आकड्याची पकडच अर्ध्या मिलिमीटरची, तिथे वायफायच्या अँटेनाची जेमतेम मिलिमीटरभर जाडीची वायर खोबणीतून बाहेर आली असेल, तर अंगठ्याने काय होणार? माझ्याकडे नेमकं तेच झालं होतं. शिवाय त्या वायरीशेजारी चौकट चिकटवणारी, दोन्ही बाजूंनी चिकट असलेली जुनी टेप गोळा होऊन बसली होती.

टेपची गोष्ट आकड्यापेक्षा रंजक आहे. तिच्यावरचा गोंद वाळत नाही, तो कायम घन आणि द्रव यांच्या अधेमधे असतो. 3एम कंपनीचे शास्त्रज्ञ कार्ल डालक्विस्ट यांनी त्यासाठी एक मर्यादा सांगितली: पदार्थाची ताठरता साधारण 3 लाख पास्कलपेक्षा कमी असेल, तरच तो नुसत्या दाबाने चिकटतो. रबरबँडची ताठरता याच्या काही पट असते, म्हणून तो बोटाला चिकटत नाही. एवढा मऊ गोंद प्लास्टिकवरच्या सूक्ष्म खळग्यांत हळूहळू शिरतो, आणि त्याला वेळ लागतो. व्हीएचबी नावाच्या फोम टेपची पकड सामान्य तापमानाला 20 मिनिटांत निम्मी, 24 तासांत 90 टक्के आणि 72 तासांत पूर्ण होते. खळग्यांत आधीच जुना गोंद किंवा बोटांचं तेल असेल, तर नव्याला जागाच कुठे? म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. ॲसिटोनने नाही, ते हेच प्लास्टिक विरघळवतं.

फेविक्विकचा मोहही टाळावा. त्यातल्या सायनोॲक्रिलेटची वाफ आजूबाजूला पांढरट थर धरते. बोटांचे ठसे उमटवायला पोलीस हीच वाफ वापरतात. तुमच्या स्क्रीनवरचे ठसे असे उमटायला नकोत.

मी वायर खोबणीत परत बसवली, गोंद खरवडला आणि नवी टेप लावली. बिजागरीपासून सुरुवात करून कडेकडेने वर गेलो. एकामागून एक कट्ट, कट्ट. वर पुस्तकं ठेवायचा विचार सोडला, कारण एलसीडीला मधोमध दाब सोसत नाही. त्याऐवजी कडांना फडक्याच्या घड्या घालून कपड्यांचे चिमटे लावले आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी नख फिरवलं तर बिजागरीपाशी अडकलं नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यात मात्र अजून जरा हलतं. तिथला आकडा मीच उचकटताना मोडला, तो काडेपेटीत ठेवलाय.